फेरीतून येणारी पिल्लं: नदीतल्या बेटावरच्या एका शेल्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यात नदीच्या पात्रात जी छोटी बेटं आहेत त्यातल्या एका बेटावरचं हे प्रकरण. नाव मुद्दाम टाकत नाहीये, गाव एवढंसं आहे की बेटाचं नाव लिहिलं की माणसंही लगेच ओळखू येतील, आणि त्यातल्या काहींचं अजून एकमेकांशी धड बोलणं नाही. पूल नाही, फेरीबोट हाच रस्ता, पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही (हे पुढे फार महत्त्वाचं आहे), आणि रात्रीची शेवटची फेरी गेली की मग जे काय होईल ते बेटावरच निस्तरायचं.

शेल्टर म्हणजे काय तर एका रिटायर्ड प्राथमिक शिक्षिकेच्या घरामागचं पोरस, म्हणजे परसू. सगळा गाव त्यांना टीचर म्हणतो, म्हणून इथेही टीचरच. त्या घरात पूर्वी डुकरं पाळायचे, तो जुना गोठा साफ करून, वर पत्रे टाकून, मधे कमरेएवढ्या भिंती बांधून पाच कप्पे केलेले. पगारी माणूस एकच, सकाळी भात आणि चिकनची मुंडकी-पाय शिजवायला येणारी मावशी. बाकी सगळे व्हॉलंटिअर. नोव्हेंबर ते मार्च माणसांची कमी नसते, होमस्टेला आलेले परदेशी, बंगळूर-पुण्याची मुलं, कुणी कुत्री फिरवतं, कुणी रील काढतं, डोनेशनचा डबाही तेव्हाच भरतो. जून लागला की उरतात टीचर, मावशी, घरून काम करणारा एक आयटीतला मुलगा आणि कॉलेजच्या दोन मुली, त्याही परीक्षा नसली तर. जनावरांचे डॉक्टर पलीकडच्या काठावरून आठवड्यातून दोनदा येणार, तेही त्यांचं स्वतःचं क्लिनिक सांभाळून.

जागा 15 कुत्र्यांची, आणि 2024 च्या पावसाळ्यात आत होती 40च्या आसपास, मांजरं वेगळीच, ती कुणी मोजतच नव्हतं. मी या सगळ्यात नंतर आलो, नोंदवह्या लावून द्यायला. खाली जे लिहिलंय ते वह्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज आणि लोकांनी सांगितलेलं मिळून आहे, आणि मत जिथे दिसेल तिथे ते माझं समजा.

अडचण कुठून सुरू झाली

जुलैत एका सकाळी धक्क्यावर सिमेंटच्या गोणीत पाच पिल्लं सापडली. पहिल्या फेरीनं कुणीतरी आलं, गोण ठेवली आणि त्याच फेरीनं परत गेलं. फेरीवरच्या खलाशांना याचं काही नवल नव्हतं, ते टीचरना फोन करून म्हणायचे, "टीचर, तुमचें पार्सल आयलां." पिल्लं भिजलेली, नाकातून पाणी, डोळ्यांच्या कडांना पिवळसर चिकट घाण. सगळ्यांना वाटलं सर्दी, पावसात भिजल्यावर काय होणार दुसरं. वेगळा कप्पा रिकामा नव्हताच, मग स्वयंपाकघराला लागून जो ऊबदार कप्पा होता तिथे ती ठेवली, शेजारी एका कुत्रीची सहा आठवड्यांची पिल्लं होती, मधे तीच कमरेएवढी भिंत.

दोन आठवड्यांच्या आत गोणीतल्या दोन पिल्लांचं खाणं सुटलं, जुलाब, पोटावर बारीक पुळ्या, आणि मग त्यातल्या एकाला झटके सुरू झाले. जबडा आपोआप हलत राहायचा, तोंडाला फेस, रेस्क्यूवाले याला च्युइंगगम फिट म्हणतात. कॉलेजच्या दोघींपैकी एकीनं त्याला टॉवेलात धरायचा प्रयत्न केला आणि ते तिच्या हाताला चावलं. रात्र झालेली, पाऊस चालू.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता आणि तो आयटीवाल्या मुलानं बरोबर घेतला असं मला वाटतं. लक्षणं डिस्टेंपरची (कुत्र्यांमधला एक विषाणूचा, झपाट्यानं पसरणारा आजार) वाटत असली तरी लस न झालेलं, कुठून आलं ते माहीत नसलेलं, लाळ गाळणारं, झटके येणारं पिल्लू म्हणजे जोवर तपासणी होत नाही तोवर रेबीज संशयितच धरायचं. त्यानं त्या मुलीचा हात वाहत्या नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायला लावला, पहिल्या फेरीनं पलीकडे आरोग्य केंद्रात नेलं, तिथे लस आणि जखमेत सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) दोन्ही झालं. पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. टीचरना ते आंब्याखाली पुरायचं होतं, खड्डाही खणून झाला होता, पण मेंदूचा नमुना तपासायचा तर पुरून चालत नाही, यावरून पहिलं भांडण झालं. शेवटी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, वरून दोन प्लास्टिक बांधून ते फेरीनं पलीकडे गेलं. नमुना निगेटिव्ह आला. मुलीनं तरी सुयांचा कोर्स पूर्ण केला, कारण एकदा पूर्ण झाला की पुढे कधी चावलंच तर 0 (पहिला डोस घेतो तो दिवस) आणि 3 या दोनच दिवसांचे डोस लागतात, सीरम लागत नाही. हे काम करणाऱ्यानं खरं तर ही लस आधीच घेऊन ठेवायची असते. या शेल्टरमध्ये ती टीचर सोडून कुणीच घेतलेली नव्हती.

डोळ्यातल्या स्रावाचा स्वॅब डॉक्टरांनी तपासणीच्या किटवर टाकला, डिस्टेंपर पॉझिटिव्ह. तोपर्यंत शेजारच्या कप्प्यातली पिल्लंही शिंकायला लागली होती.

"लस झालीय ना"

हा मुद्दा वेगळा लिहितोय कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या टीम अनेक वर्षं गावोगाव जाळी घेऊन फिरतात, कुत्र्यांना रेबीजची लस देतात आणि लस झालेल्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात. 2021 मध्ये सरकारनं गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केलं ते या कामाच्या जोरावर. त्यामुळे बेटावर लहान पोरालाही माहीत की रंग म्हणजे लस झाली. पण ती एआरव्ही, म्हणजे अँटी-रेबीज लस, ती फक्त रेबीजवर चालते. डिस्टेंपर, पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा विषाणूचा आजार) वगैरेंची लस वेगळी, ती पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची असते आणि ती सरकारी मोहिमेत येत नाही, एका डोसला काही शे रुपये खिशातून जातात. शेल्टरच्या वहीत 40 पैकी जवळपास सगळ्यांपुढे "लस: हो" असं लिहिलेलं. कुठली लस, ते कुणी लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्यात फ्रिजचा घोळ. उन्हाळ्यात एका देणगीदारानं या दुसऱ्या लसीच्या वीसेक बाटल्या दिल्या होत्या. त्या टीचरच्या घरच्या फ्रिजच्या दारात, बांगड्याच्या डब्याशेजारी. लस 2 ते 8 डिग्रीत राहायला लागते आणि बेटावर पावसाळ्यात वीज गेली की कधी कधी रात्रभर येत नाही. डॉक्टरांनी एकेक बाटली हातात घेऊन बघितली आणि म्हणाले या टाका, दिलं तर निव्वळ पाणी टोचल्यासारखं, आणि वर आपल्याला वाटत राहील की लस झालीय.

काय काय करता आलं असतं

पुढचे दोन दिवस ग्रुपवर जे चाललं ते मी सगळं वाचलंय. चार मतं होती.

एक, सगळ्यांना पलीकडच्या मोठ्या शेल्टरमध्ये हलवा. फोन केला, त्यांनी सरळ नाही म्हटलं. ग्रुपवर त्यांना खूप शिव्या पडल्या, पण त्यांचं बरोबर होतं. खोकल्या-शिंकांतून पसरणारा आजार, त्यांच्याकडे शंभरावर कुत्री, कोण घेईल?

दुसरं, पिल्लं घरोघरी फोस्टरला, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, वाटून टाका म्हणजे गर्दी कमी होईल. हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं आणि जवळजवळ तेच होणार होतं, तीन घरं तयारही झाली होती. पण त्या तिन्ही घरी पाळलेली कुत्री, आणि ज्यांना लक्षणं दिसत नव्हती ती पिल्लंही आतून बाधित असू शकत होती, कारण लक्षणं दिसायला एक ते चार आठवडे लागतात. बेटावर घरं एकमेकांना लागून, कुत्री दिवसभर सुटी. डॉक्टरांनी फोनवरून हे अडवलं. याला मी या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय मानतो, आणि तो न करण्याचा निर्णय आहे म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलेला नाही.

तिसरं, लक्षणं असलेल्या सगळ्यांना झोपवा, म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरण द्या. हे म्हणणारी बंगळूरची एक व्हॉलंटिअर, सीझनला येऊन गेलेली. तिला ग्रुपमधून काढलं गेलं, जे मला पटत नाही, कारण प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त "सगळ्यांना" हा शब्द चुकीचा होता. या आजारावर विषाणू मारणारं खास औषध नाही, सलाइन, अँटिबायोटिक, ताप उतरवणं, झटक्यांवर गोळ्या, एवढंच करता येतं, तरीही बरीच मोठी कुत्री यातून उठतात. ज्यांच्या मज्जासंस्थेवर आलंय आणि झटके थांबतच नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी.

चौथं, दरवाजा बंद. नवीन एकही प्राणी आत नाही, आतला बाहेर नाही, आतल्या आत वेगवेगळे गट.

काय केलं

चौथंच केलं, पण टीचर "नवीन नाही" या वाक्याला दोन दिवस अडून बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, उद्या परत गोण आली तर ती काय धक्क्यावर मरू द्यायची? यावर ग्रुपवर कुणाकडेच उत्तर नव्हतं, उत्तर मिळालं ते फेरीवरच्या एका खलाशाकडून. तो म्हणाला, गोण घेऊन चढणारा आम्हाला दिसतो ना, आम्ही चढूच देत नाही. हे आधी कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं, उलट इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की टीचरना पिल्लं हवीच असतात.

मग आतली कामं. कमरेएवढ्या भिंतींवर ताडपत्र्या बांधून वरपर्यंत आडोसा केला, कारण कुत्री भिंतीवर पाय टेकून एकमेकांच्या तोंडाला तोंड लावत होती. आजारी गट सगळ्यात शेवटी साफ करायचा, आधी निरोगी, मग संशयित, मग आजारी, आणि आजारी गटाचा झाडू-बादली-चपला त्या दारातून बाहेर काढायच्याच नाहीत. मावशींनी हे सगळ्यात काटेकोर पाळलं, लाल बादली आणि निळी बादली, आयटीवाला एकदा लाल बादली घेऊन निळ्याकडे गेला तर त्याला तिथेच उभा करून झापला. या आजारात एक गोष्ट बरी की हा विषाणू बाहेर फार टिकत नाही, साध्या फिनाइल-ब्लीचनं, उन्हानं मरतो. पार्व्हो असता तर ती माती महिनोन् महिने वापरता आली नसती.

ज्यांना लक्षणं नव्हती त्या सगळ्यांना डॉक्टरांनी तातडीनं ती दुसरी लस टोचली. आधीच बाधित झालेल्याला याचा उपयोग नाही, पण न झालेल्याला डिस्टेंपरपासून संरक्षण फार लवकर मिळायला लागतं, म्हणून शेल्टरमध्ये जनावर दारात आलं की पहिल्याच दिवशी टोचायचा नियम असतो. साठा न करता प्रत्येक वेळी मोजून बाटल्या आइसबॉक्समधून आणायच्या असं ठरलं. पैसे कुठून आले तर टीचरनी दिवाळीला घराला रंग काढायचा म्हणून ठेवलेले.

चार कुत्र्यांना झोपवावं लागलं, प्रत्येक वेळी डॉक्टरांनी स्वतः तपासून, टीचरसमोर. नियम असा ठरवला की औषध वाढवूनही झटके दोन दिवसांत कमी झाले नाहीत आणि ते पाणीसुद्धा गिळू शकत नसेल तर. नियम आधी कागदावर लिहून घेतला, हे महत्त्वाचं, नाहीतर प्रत्येक कुत्र्यावरून तेच भांडण रात्री अकराला नव्यानं झालं असतं. पुरायचाही प्रश्न होता, खालच्या अंगाला खाजन (बांध घालून राखलेली खारी सखल जमीन), पावसाळ्यात दोन फूट खणलं की पाणी, म्हणून वरच्या बाजूला काजूच्या झाडांत जागा बघून चुना घालून पुरली.

सप्टेंबरच्या शेवटापर्यंत एकूण अकरा गेली, त्यातली नऊ पिल्लं. आजारी पडलेल्यांपैकी दोन मोठी वाचली पण एकीचा मागचा पाय अजून झोपेतही उडतो, तो आता तसाच राहणार.

वही लावल्यावर काय दिसलं

मी आलो तो यानंतर. कुठलं जनावर कुठून आलं हे गेल्या वर्षभराच्या पानांवरून काढायला बसलो, टीचर शिक्षिका असल्यामुळे तारीख आणि जागा तेवढी व्यवस्थित लिहिलेली. त्या वर्षात आत आलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त धक्क्यावर सापडलेली, म्हणजे पलीकडून फेरीनं आणलेली. बेटावरची जखमी-आजारी त्यामानानं थोडी. त्यातली कितीतरी बरी होऊन मोठी झाल्यावर दत्तक गेली नाहीत, अंगण अपुरं पडलं म्हणून हळूहळू गावातच सुटी झाली, आणि काहींची नसबंदी व्हायच्या आत त्यांना पिल्लं झाली.

आता बघा, कुत्र्यांची नसबंदी जिथे खरंच पूर्ण होऊ शकते अशी जागा म्हणजे बेट. शहरात शंभर केली तरी शेजारच्या वॉर्डातून नवीन येतात. बेटावर कुत्रा चालत येऊ शकत नाही. जे येतं ते फेरीनं, तेही तिकिटाशिवाय, आणि या बेटावर ते येत होतं शेल्टरच्या नावावर. गावातले लोक वर्षानुवर्षं जे चिडून म्हणायचे की टीचरमुळे कुत्री वाढली, त्यात तथ्य होतं, फक्त त्यांना वाटायचं खायला घालण्यानं वाढली.

हे टीचरना सांगणं सोपं गेलं नाही. त्यांनी वही मागून घेतली, स्वतः पेन्सिलीनं मोजलं आणि दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बोर्ड लिही.

दुसरा टप्पा

बोर्ड पलीकडच्या धक्क्यावर लागला, इकडच्या नाही, याचं श्रेय आयटीवाल्याला. इकडे लावला असता तर गोण बेटावर उतरल्यावर वाचला गेला असता. मजकूर साधा: बेटावरचं शेल्टर बाहेरची जनावरं घेत नाही, जनावर सोडून जाणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि खाली पलीकडच्या काठावर मदत कुठे मिळेल ते.

नसबंदीसाठी पंचायतीतल्या एका पंचाची सूचना होती की मे महिन्यात शाळा रिकामी असते, वर्गात कॅम्प लावू, डॉक्टर येतील, तीन दिवसांत उरकून टाकू. उत्साह सगळ्यांना होता, पण 2023 च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेशिवाय हा कार्यक्रम करताच येत नाही, आणि कुत्री ऑपरेशननंतर काही दिवस ठेवायला पिंजरे लागतात, वर्गातल्या बाकांखाली नाही ठेवता येत. म्हणून पलीकडच्या मान्यताप्राप्त केंद्राशी ठरवलं, आठवड्यातून एक दिवस त्यांची पिंजऱ्यांची गाडी सकाळच्या फेरीनं येणार, सात-आठ कुत्री नेणार, बरी झाल्यावर जिथून नेली तिथेच सोडणार. सावकाश चाललं, पण चाललं. पकडणाऱ्यांबरोबर कायम मावशी, कारण कुठली मादी कुठल्या घराच्या ओट्याखाली झोपते हे त्यांनाच ठाऊक.

मधेच ऑगस्ट 2025 आला. 11 तारखेला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश दिला, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि तोच पंच लोकांना घेऊन टीचरच्या दारात: आता कोर्टानंच सांगितलंय, सगळी आत घ्या. 22 तारखेला तो आदेश बदलला, नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्याच भागात सोडायची, रेबीजची किंवा आक्रमक असतील ती नाही, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्यायच्या. मधले अकरा दिवस शेल्टरवाल्यांनी वाद घातला नाही, फक्त पंचाला आत नेऊन पाच कप्पे दाखवले आणि विचारलं, कुठे ठेवू? खायला घालायच्या जागा मात्र पंचायतीबरोबर बसून ठरवून घेतल्या, शाळेच्या वाटेवरची बंद केली, ती आधीच व्हायला हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

क्वारंटाइनचा एक कप्पा रिकामा ठेवणं, कितीही गर्दी असली तरी. सगळे म्हणतात जागा नव्हती. पण पाचपैकी एका कप्प्यात फक्त तांदळाची पोती आणि जुन्या गाद्या होत्या, मी फोटो बघितलेत.

वहीत "लस" असा एकच रकाना नसता, दोन असते, तर डॉक्टरांच्या नजरेला हे पहिल्याच भेटीत आलं असतं.

बंगळूरच्या मुलीला ग्रुपमधून काढलं नसतं तर सीझनचे पाच-सहा चांगले लोक टिकले असते, ते तिच्याबरोबर गेले आणि परत आले नाहीत. आणि फेरीच्या खलाशांशी बोलायला एवढी वर्षं का लागली हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांना विचारलं तर ते म्हणतात आम्हाला कुणी विचारलंच नाही, टीचरना विचारलं तर त्या म्हणतात ते सरकारी कर्मचारी, त्यांना कसं सांगणार.

सध्या

आत अठरा कुत्री आहेत, एक कप्पा रिकामा. आतल्या सगळ्यांच्या दोन्ही लसी झाल्यात, काम करणाऱ्या सगळ्यांनी एआरव्ही घेतलीय. बेटावरच्या माद्यांपैकी बहुतेकींची नसबंदी झाली, उरल्यात त्या बांधापलीकडे मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाजवळ) राहणाऱ्या तीन-चार, त्या जाळी बघितली की खारफुटीत शिरतात आणि भरती असेल तर तिकडे माणूस जाऊ शकत नाही, त्यांच्यासाठी आता पिंजऱ्याचा सापळा मागवलाय. गोणी येणं बंद झालं असं नाही, पावसाळ्यात दोनदा आल्या, पण दोन्ही वेळा पलीकडच्याच धक्क्यावर थांबल्या आणि तिथल्या लोकांनी केंद्राला कळवलं. मांजरांचं काहीच ठरलेलं नाही. टीचर म्हणतात आधी कुत्र्यांचं काम संपवू, डॉक्टर म्हणतात दोन वर्षांत मांजरांचंही कुत्र्यांसारखंच होईल, आणि मांजर पिशवीतून आणायला तर गोणसुद्धा लागत नाही.